मंच देणाऱ्याची जबाबदारी

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



कॉपीराइटच्या भांडणात दोन पक्ष आपल्याला सहज दिसतात. ज्याची कलाकृती आहे तो एक आणि ज्याने ती न विचारता उचलली तो दुसरा. आज मी तिसऱ्याविषयी बोलणार आहे. त्याने स्वतः काही उचललेले नाही, फक्त जागा दिली आहे. कुणीतरी एखादा चित्रपट, गाणे किंवा नाटकाचा प्रयोग त्याच्या संकेतस्थळावर चढवला, लाखोंनी तो पाहिला, मध्ये जाहिराती लागल्या आणि त्यांच्या पैशातला वाटा जागा देणाऱ्यालाही मिळाला. मूळ मालक मग विचारतो, की याला जबाबदार धरायचे की नाही?

हा प्रश्न इंटरनेटच्या फार आधीचा आहे. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५१ मध्ये एक उपकलम आहे. लोकांपुढे कलाकृती मांडून मालकाचा हक्क डावलला जाणार असेल आणि अशा कामासाठी कुणी नफ्याकरिता जागा वापरू दिली असेल, तर जागा देणाराही दोषी ठरतो. मात्र हक्कभंगाची त्याला जाणीव नसेल आणि तसे मानायला वाजवी कारणही नसेल, तर तो सुटतो. ही कल्पना १९११च्या ब्रिटिश कायद्यातून १९१४ साली आपल्याकडे आली. त्या मूळ तरतुदीत तर थिएटरचा स्पष्ट उल्लेख होता.

१९१४ साली गंधर्व नाटक मंडळी निघून एकच वर्ष झाले होते. मंडळ्या बिऱ्हाडासकट गावोगाव फिरायच्या, थिएटर भाड्याने घ्यायच्या, मुक्काम संपला की पुढच्या गावी जायच्या. थिएटरच्या मालकाने प्रत्येक संहिता वाचावी, नाटककाराची परवानगी तपासावी आणि मगच पडदा वर जाऊ द्यावा, अशी अपेक्षा कायद्याने ठेवली नाही. पण नाटककाराने येऊन, ‘हे नाटक माझे आहे, या मंडळीला मी परवानगी दिलेली नाही’ असे सांगितल्यावरही मालक तिकिटे विकत राहिला, तर त्याला सुटका नव्हती. शंभर वर्षांहून जुन्या या विचाराइतका न्याय्य विचार या विषयात मला दुसरा सापडलेला नाही. जबाबदारी जाणिवेपासून सुरू होते, आणि जाणीव झाल्यावर सबब चालत नाही.

अडचण प्रमाणाची आहे. यूट्यूब २००५ साली सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी गूगलने ते १६५ कोटी डॉलरच्या शेअरच्या बदल्यात घेतले. १३ मार्च २००७ रोजी व्हायकॉम या अमेरिकन कंपनीने न्यूयॉर्कमध्ये १०० कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा दावा लावला. आपल्या कार्यक्रमांचे सुमारे १,६०,००० तुकडे विनापरवाना चढवले गेले आणि ते दीडशे कोटींहून अधिक वेळा पाहिले गेले, अशी तिची तक्रार होती. अमेरिकेत १९९८ पासून कायदा होता. नोटीस मिळताच मजकूर काढून टाकणाऱ्या संकेतस्थळाला त्याने संरक्षण दिले होते. आपल्याला त्याचा आधार आहे, असे यूट्यूबचे म्हणणे होते.

या खटल्यातील एका घटनेवर मला थोडे थांबायचे आहे. दाव्याच्या महिनाभर आधी, २ फेब्रुवारी २००७ रोजी, व्हायकॉमने एक लाखाच्या आसपास व्हिडिओंची यादी पाठवली होती. पुढच्या कामकाजाच्या दिवसापर्यंत त्यांतले जवळजवळ सगळे काढले गेले. म्हणजे कुठला व्हिडिओ काढायचा हे नेमके सांगितले, की तो निघत होता. यूट्यूबने आणखी एक गोष्ट न्यायालयापुढे मांडली. व्हायकॉमने जाहिरातीसाठी नेमलेली माणसे तिचेच तुकडे गुपचूप चढवत होती. ते चोरून आणल्यासारखे दिसावेत, याचीही काळजी घेतली जात होती. पुढे दाव्याच्या यादीतून काही तुकडे व्हायकॉमला स्वतःच वगळावे लागले. कुठला व्हिडिओ परवानगीचा आणि कुठला बिनपरवानगीचा, हे खुद्द मालकाच्या कचेरीला सांगता येत नव्हते. मग जागा देणाऱ्याने ते नुसत्या पाहण्याने कसे ओळखावे?

न्यायमूर्ती लुई स्टॅंटन यांनी २०१० मध्ये यूट्यूबच्या बाजूने निकाल दिला. २०१२ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवून प्रकरण परत पाठवले. नेमक्या व्हिडिओची जाणीव लागते, हे तत्त्व त्याने मान्य केले, पण मुद्दाम डोळे मिटून घेणाऱ्याला संरक्षण मिळणार नाही, हेही सांगितले. ही दुसरी बाजू मला तितकीच मोलाची वाटते. २०१३ मध्ये स्टॅंटन यांनी पुन्हा यूट्यूबच्या बाजूने कौल दिला आणि २०१४ च्या मार्चमध्ये दोन्ही पक्षांनी आपसांत मिटवले.

त्याच काळात दिल्ली उच्च न्यायालयात आपल्या कायद्याची परीक्षा चालू होती. टी-सीरीज हे नाव आपल्याला कॅसेटच्या जमान्यापासून ठाऊक आहे. तिची मूळ कंपनी सुपर कॅसेट्सने २००८ मध्ये मायस्पेस या संकेतस्थळावर दावा लावला. २९ जुलै २०११ रोजी न्यायमूर्ती मनमोहन सिंग यांनी मायस्पेसविरुद्ध हुकूम दिला. मायस्पेस व्हिडिओचे स्वरूप बदलते, त्याला जाहिराती जोडते, हक्कभंग रोखण्याची साधनेही बाळगते. त्यावरून आपल्या जागेत चोरीचा माल येतो, असे मानायला तिच्याकडे कारण होते, असा त्यांचा तर्क होता. या तर्काचा परिणाम पाहा. काळजी घेण्यासाठी साधन बसवले, की तेच साधन जाणिवेचा पुरावा ठरते. मग साधन कोण बसवील?

२३ डिसेंबर २०१६ रोजी न्यायमूर्ती रवींद्र भट आणि दीपा शर्मा यांच्या खंडपीठाने हा हुकूम फिरवला. इंटरनेटवरची जागाही कलम ५१ मधल्या जागेत येते, हे खंडपीठाने मानले. थिएटरच्या मालकाचे कलम अशा रीतीने संकेतस्थळाला लागू झाले. पण यंत्र आपोआप व्हिडिओचे स्वरूप बदलते, म्हणून चालकाला त्यातला आशय कळला असे होत नाही. ‘अशा ठिकाणी चोरीचा माल असतोच’ ही सर्वसाधारण समजूत पुरत नाही, नेमक्या कलाकृतीची प्रत्यक्ष जाणीव लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ मध्ये मध्यस्थांना संरक्षण आहे. तर त्याच कायद्याच्या कलम ८१ चे परंतुक सांगते, की या कायद्यामुळे कॉपीराइटच्या हक्काला बाधा येणार नाही. परंतुकामुळे मध्यस्थाचे संरक्षणच संपते, असे सुपर कॅसेट्सचे म्हणणे होते. खंडपीठाने दोन्ही कायदे एकत्र वाचून ते नाकारले आणि नेमकी माहिती मिळाल्यावर ३६ तासांत मजकूर काढण्याची जबाबदारी मायस्पेसवर ठेवली. प्रत्येक व्हिडिओ आधी तपासून मगच येऊ द्यायचा ठरवले, तर खासगी कंपनीच्या हाती सेन्सॉरची कात्री जाईल, ही भीती निकालात स्पष्ट मांडलेली आहे.

मी या निकालाच्या बाजूचा आहे. पण हक्कमालकाचे दुःख मला खोटे वाटत नाही, आणि ते इथे नीट मांडले पाहिजे.

सुपर कॅसेट्सपाशी वकिलांची फौज असते. मराठी चित्रपटाचा निर्माता बहुतेक वेळा एकटा असतो. घर गहाण टाकून चित्रपट करणारी माणसे या सभागृहातही असतील. चित्रपटगृहात आठवडाभर जेमतेम खेळ मिळतात, आणि त्याच आठवड्यात पूर्ण चित्रपट कुठल्यातरी चॅनेलवर दिसतो. तक्रार केल्यावर तो निघतो. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या नावाने, कडेला चौकट लावून किंवा चित्र आरशातल्यासारखे उलटे करून तोच परत येतो. प्रत्येक वेळी नेमकी लिंक शोधायची, अर्ज भरायचा आणि पुन्हा शोधायला बसायचे. ज्याचा माल चोरीला गेला त्यानेच रात्रंदिवस राखण करायची, हे त्याला अन्यायाचे वाटले तर त्यात नवल नाही. २०२२ च्या जानेवारीत मुंबईत न्यायालयाच्या आदेशावरून गूगलच्या अधिकाऱ्यांविरुद्ध कॉपीराइट कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. २०१७चा आपला चित्रपट इंटरनेटसाठी कुणालाही दिलेला नसताना तो यूट्यूबवर चढवला गेला, अशी निर्माते-दिग्दर्शक सुनील दर्शन यांची तक्रार होती. या कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. संकेतस्थळाच्या प्रमुखांवर फौजदारी कारवाई करणे हा मार्ग मला चुकीचा वाटतो. पण एखादा निर्माता पोलीस ठाण्यापर्यंत का जातो, हे समजून न घेता त्याला नावे ठेवणे मला जमणार नाही.

या तक्रारीवर यूट्यूबने शोधलेले उत्तर म्हणजे कंटेंट आयडी. २००७ पासून ही व्यवस्था वाढत गेली. मालक आपल्या कलाकृतीची प्रत देतो, यंत्र तिचा ठसा जपून ठेवते आणि नव्याने येणारा प्रत्येक व्हिडिओ त्या ठशांशी ताडून पाहते. जुळणी झाली, की मालकापुढे तीन पर्याय असतात. व्हिडिओ अडवायचा, त्यावर नुसती नजर ठेवायची किंवा त्याच्या जाहिरातींचा पैसा आपल्याकडे वळवायचा. मोठ्या कंपन्यांनी तिसरा पर्याय उचलून धरला, कारण त्यात उत्पन्न आहे. यूट्यूबच्याच अहवालाप्रमाणे २०२१ च्या पहिल्या सहा महिन्यांत या यंत्रणेतून ७२ कोटींहून अधिक दावे झाले आणि त्यांतले ९९ टक्क्यांहून अधिक यंत्राने आपोआप केले. एक टक्क्याहून कमी दाव्यांना कुणी हरकत घेतली. पण घेतलेल्या हरकतींपैकी ६० टक्के व्हिडिओ चढवणाऱ्याच्या बाजूने सुटल्या. एकूण दाव्यांच्या तुलनेत हे प्रमाण लहान वाटेल, तरी त्या सहा महिन्यांत सुमारे २२ लाख दावे टिकले नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. ज्यांनी हरकतच घेतली नाही, त्यांच्यात किती जण बरोबर होते हे या आकड्यांतून कळत नाही.

आपल्या संगीताचे या यंत्रापुढे काय होते ते पाहू. ‘संगीत स्वयंवर’ १९१६ साली रंगभूमीवर आले. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे, चाली भास्करबुवा बखल्यांच्या. आपल्या कायद्यात लेखकाचा आणि संगीतकाराचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. खाडिलकर १९४८ साली गेले, म्हणजे त्यांचा हक्क २००८ च्या अखेरीस संपला. भास्करबुवा त्याच्याही कितीतरी आधी, १९२२ साली गेले. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे असतो, म्हणून बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्याही मोकळ्या झाल्या आहेत. शब्द, चाल आणि मूळ मुद्रण, तिन्हीवर आता कुणाचा हक्क नाही. पण हीच पदे पुढे कितीतरी गायकांनी कॅसेट आणि सीडीसाठी गायली आणि त्या मुद्रणांचा हक्क कंपन्यांकडे आहे. आज सांगलीची एखादी मुलगी पेटी-तबल्यावर यांतले पद स्वतः गाऊन चढवते. यंत्राला चाल ओळखू येते, पण बखल्यांचे मृत्युवर्ष त्याच्या हिशेबात नसते. जुळणी झाली, की दावा लागतो. तिने हरकत घेतली, तर पहिला निर्णय दावा करणारीच कंपनी देते आणि त्यासाठी कंपनीला ३० दिवस मिळतात. माझ्याकडे सल्ल्याला येणाऱ्या गायक-वादकांपैकी बरेच जण या टप्प्यावर हात टेकतात. हक्क आपला आहे हे त्यांना माहीत असते, तरी चॅनेल जाईल या भीतीने ते गप्प बसतात. मला याचे फार वाईट वाटते. ज्या वारशावर आज कुणाची मालकी नाही तो गाणाऱ्याला चोरासारखे वाटावे, हे कुठल्याही कॉपीराइट कायद्याचे उद्दिष्ट असू शकत नाही.

ही भीती निराधार नाही. व्हिडिओ नोटिशीने काढला गेला, की चॅनेलला एक ‘स्ट्राइक’ लागतो. ९० दिवसांत तीन स्ट्राइक बसले, की यूट्यूबवरचा चॅनेल बंद होऊ शकतो. वर्षानुवर्षांचे काम त्याबरोबर जाते. २०२५ च्या मे महिन्यात काही यूट्यूबरांनी एएनआय या वृत्तसंस्थेवर जाहीर आरोप केले. काही सेकंदांच्या दृश्यांसाठी स्ट्राइक लावून ते मागे घेण्याकरिता लाखो रुपयांचा परवाना घ्यायला सांगितले जाते, असे त्यांचे म्हणणे होते. आपण केवळ कायदेशीर हक्क बजावतो, असे वृत्तसंस्थेने सांगितले. या वादात कोण बरोबर हे ठरवणे माझे काम नाही. पण चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी किंवा टीकेसाठी घेतलेला उतारा कलम ५२ प्रमाणे रास्त वापरात बसतो की नाही, हा न्यायालयाने ठरवण्याचा प्रश्न आहे. तो ठरण्याआधीच चॅनेल जाण्याची वेळ येत असेल, तर न्यायालयापर्यंत कोण पोहोचणार?

युरोपने वेगळी वाट धरली. २०१९ च्या निर्देशातील कलम १७ ने मोठ्या संकेतस्थळांना थेट जबाबदार धरले आणि हक्कभंग टाळण्यासाठी शक्य ते सर्व प्रयत्न करण्याचे बंधन घातले. पोलंडने त्याला आव्हान दिले. २०२२ मध्ये युरोपीय न्यायालयाने कलम टिकवले, पण कायदेशीर व्हिडिओ अडवणारी गाळणी चालणार नाही असे बजावले. जर्मनीने तर आपल्या कायद्यात, इतर मजकुराशी जोडून केलेला १५ सेकंदांपर्यंतचा वापर प्रथमदर्शनी परवानगीचा मानायची सोय केली. हा जर्मन तपशील आपल्याला उपयोगी पडेल. बाकी चौकट भारतात आणू नये असे मला वाटते, कारण एवढी गाळणी बांधणे फक्त सर्वांत मोठ्या कंपन्यांना परवडते. मराठीत कुणी नाट्यसंगीताचे किंवा लोककलांचे छोटे संकेतस्थळ काढू पाहील, तर ते सुरू होण्याआधीच बंद पडेल.

आणि आपल्याकडे चांगली तरतूद आधीच आहे. २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये ती आली आणि २०१३ च्या नियमावलीतील नियम ७५ ने तिचा तपशील ठरवला. तो तपशील वाचताना मला मनापासून समाधान वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो. मालकाने लेखी तक्रार करायची. कलाकृती कोणती, ती आपली कशी, ती नेमकी कुठे आहे, हे लिहायचे. हा वापर कलम ५२ च्या अपवादांत बसत नाही, हेही त्यानेच दाखवायचे. आणि २१ दिवसांत सक्षम न्यायालयात दावा लावून हुकूम आणून देईन, अशी हमी द्यायची. संकेतस्थळाची खात्री पटली, तर त्याने ३६ तासांत ती कलाकृती पाहण्याची सोय थांबवायची आणि पाहायला येणाऱ्याला ती का थांबवली याचे कारण दाखवायचे. २१ दिवसांत हुकूम आला नाही, तर व्हिडिओ परत लावता येतो.

यात मालकाला ३६ तासांत दिलासा मिळतो. संकेतस्थळाला न्यायाधीश व्हावे लागत नाही. आणि खोटी तक्रार करणाऱ्याला न्यायालयाची पायरी चढण्याची तयारी आधीच लिहून द्यावी लागते. मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी २०१६ च्या जुलैमध्ये ‘ढिशूम’ चित्रपटाच्या प्रकरणात अशीच काटेकोर दृष्टी ठेवली होती. संकेतस्थळांवर सरसकट बंदीची मागणी त्यांनी मान्य केली नाही. लिंकांची नीट तपासणी करून मगच या, असे सांगितले.

मग आपण या नियमाने का चालत नाही? कारण व्यवहारात आपण कंपनीचा अर्ज भरतो. तो अर्ज अमेरिकन कायद्यावर बेतलेला आहे. सांगलीच्या त्या मुलीचा व्हिडिओ नोटिशीने काढला गेला आणि तिला प्रत्युत्तराची नोटीस द्यायची झाली, तर तिला आपले नाव-पत्ता तक्रारदाराला द्यावा लागतो. शिवाय यूट्यूब जिथे आहे त्या, म्हणजे कॅलिफोर्नियातल्या, न्यायालयाचा अधिकार मान्य करावा लागतो. पद खाडिलकरांचे, गाणारी सांगलीची, दावा करणारी कंपनी मुंबईची, आणि तिला मान्य करायला लावलेले न्यायालय मात्र कॅलिफोर्नियातले. केंद्र सरकारने भारतीय वादासाठी केलेला नियम या प्रवासात कुठेच लागत नाही.

नियमातही उणिवा आहेत. कलम ५२ मधली तरतूद मुळात तात्पुरत्या किंवा आनुषंगिक साठवणुकीची आहे. वर्षानुवर्षे ठेवलेला व्हिडिओ तिच्यात बसतो का, यावर वकील वाद घालू शकतात. तक्रारीची प्रत व्हिडिओ चढवणाऱ्याला मिळालीच पाहिजे, असे नियम ७५ म्हणत नाही. त्याचे म्हणणे ऐकण्याची पायरीही त्यात नाही. निराधार धमकी देणाऱ्याविरुद्ध कलम ६० प्रमाणे दावा लावून भरपाई मागता येते, पण संकेतस्थळाकडे केलेली खोटी तक्रार ही अशी धमकी आहे, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेले नाही. माझ्या मते ती आहे, आणि तसे लिहिले जावे.

संकेतस्थळांकडूनही मला काही हवे आहे. जिथे ते जाहिरातीचा पैसा घेतात, तिथे एकदा काढलेला तोच पूर्ण चित्रपट, तीच फाईल, पुन्हा येऊ न देण्याची जबाबदारी त्यांनी उचलावी. इथे जाणीव झालेली असते. त्यानंतर प्रत्येक वेळी नवी लिंक मागणे म्हणजे अमेरिकन न्यायालयाने सांगितलेले डोळे मिटून घेणेच आहे. आणि ठसे जुळवण्याची सोय मोठ्या कंपन्यांपुरती न ठेवता एकट्या निर्मात्याला आणि छोट्या नाट्यसंस्थेलाही मिळावी.

कॉपीराइटचा कायदा आज केंद्राच्या उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभागाकडे आहे. २०१९ मध्ये याच विभागाने नियमांच्या दुरुस्तीचा मसुदा काढून हरकती आणि सूचना मागवल्या होत्या. पुढचा मसुदा निघेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. अखिल भारतीय मराठी नाट्य परिषद आणि अखिल भारतीय मराठी चित्रपट महामंडळ या दोन्ही संस्थांत हक्कमालकही आहेत आणि रोज व्हिडिओ चढवणारे कलावंतही आहेत. त्यांनी तीन मागण्या आत्ताच लेखी द्याव्यात. नियम ७५ कायम साठवलेल्या व्हिडिओंना स्पष्टपणे लागू करावा. तक्रारीची प्रत व्हिडिओ चढवणाऱ्याला देणे सक्तीचे करावे. आणि भारतातील दोन पक्षांच्या वादात भारतातल्याच न्यायालयाचा अधिकार चालेल, असा अर्ज मराठीत उपलब्ध करून देणे संकेतस्थळांवर बंधनकारक असावे. त्या निवेदनाचा मसुदा मी कार्यवाहांकडे देऊन ठेवला आहे. ज्यांना सही करायची आहे किंवा दुरुस्ती सुचवायची आहे, त्यांनी सभेनंतर तो पाहावा.